तडकलेल्या मॅनिफोल्डला हेडर हा उपाय नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या एका फौंड्रीत बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामावर देखरेख करण्यात माझी तीस वर्षे गेली. त्यामुळे इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करून पुढे नेणाऱ्या ओतीव भागाला, तडा जातो म्हणजे काय होते, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही गेल्या वर्षी माझ्या 2018 च्या पेट्रोल एसयूव्हीचा मॅनिफोल्ड तडकला, तेव्हा तीन वेगवेगळ्या गॅरेजांनी मला एकच सल्ला दिला. कंपनीचा पार्ट महाग पडेल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, त्यापेक्षा बाजारातला स्टेनलेस स्टीलचा हेडर (मॅनिफोल्डऐवजी बसणारा, वेल्ड केलेल्या नळ्यांचा जोड) बसवा, पिकअपही वाढेल. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो आहे की त्याविषयी जाहीरपणे लिहावे असे वाटले.

बीड तापले की वाढते आणि निवले की आकसते. चार सिलिंडरच्या इंजिनाचा सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला, तर तो दोन मिलिमीटरहून थोडा अधिक लांब होतो. इंजिनाच्या माथ्यावरच्या ज्या ॲल्युमिनियमच्या हेडवर तो आवळलेला असतो, त्यात पाणी खेळत असल्यामुळे ते हेड मात्र तितके कधीच तापत नाही. मॅनिफोल्डला सरकायला वाव मिळावा म्हणून त्याची कडेची भोके थोडी मोठी किंवा लांबट ठेवण्याची पद्धत आहे. एखादा स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटला, पॅकिंग गेले, किंवा कुणी पान्याला पाइप लावून नट अंदाजाने आवळले, की सरकण्याची वाट बंद होते आणि सगळा ताण सर्वांत पातळ जागी जाऊन बसतो. घाट चढून तापलेली गाडी रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात घातली, तर उरलेले काम ते पाणी करते. यांतले एकही कारण हेडर बसवल्याने दूर होत नाही. उलट हेडरसाठी वापरले जाणारे नेहमीचे स्टेनलेस स्टील बीडाच्या जवळजवळ दीडपट वाढते. ज्या हेडवरचे स्टड आणि पृष्ठभाग कुणी तपासलेच नाहीत, त्यावर चढवलेला नवा कोरा हेडरही वेल्डच्या कडेला तडकतो.

तडा ओळखणे अवघड नाही, पण तो फार उशिरा ओळखला जातो. सकाळी गाडी सुरू केली की बारीक टकटक ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटते, म्हणून आवाजही थांबतो. मग मिस्त्री टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) दोष देतो आणि मालक निश्चिंत होतो. दरम्यान त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला धुरात जादा प्राणवायू दिसतो आणि इंजिनाचा संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडू लागतो. मायलेज घसरते, हे त्यातल्या त्यात सौम्य नुकसान. बॉनेटखाली साचलेला कार्बन मोनॉक्साइड हवेच्या झरोक्यातून केबिनमध्ये येऊ शकतो, आणि त्याला ना रंग ना वास.

माझा खरा आक्षेप मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाबद्दल, आहे. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत तो मॅनिफोल्डला अगदी लागून असतो, कारण इंजिन सुरू झाल्यावर तो लवकर तापावा लागतो. लांब नळ्यांचा हेडर घातला की त्या जागी कन्व्हर्टर मावत नाही, आणि बहुतेक वेळा तो काढूनच टाकला जातो. माझ्यासमोर ही गोष्ट एकाही गॅरेजने आपणहून सांगितली नाही. विचारल्यावर एकाने ‘त्याने काही फरक पडत नाही’ असे उत्तर दिले आणि जुना भाग आपल्याकडेच ठेवण्याची तयारी दाखवली. त्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. वाचकांनी निदान जुना भाग परत मागावा.

कायदाही याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शिक्षा मालकाला, हेडर विकणारा आणि बसवणारा नामानिराळा राहतो.

हेडर ही वस्तूच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. नीट जुळवलेल्या लांबीच्या नळ्यांमुळे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही आणि वरच्या आरपीएमला थोडी ताकद खरोखर वाढते. आमच्या घाटांत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला तिचा उपयोग किती, हा प्रश्न वेगळा. अमेरिकेत जीप चेरोकीच्या चार लिटर, सहा सिलिंडर इंजिनाचे मॅनिफोल्ड तडकतात ही मालकांमधली सर्वश्रुत गोष्ट आहे आणि तिथे अनेकजण हेडरच बसवतात. पण कॅलिफोर्नियात असा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा, तर त्याची तपासणी होऊन राज्याच्या हवा मंडळाने दिलेला आदेश क्रमांक त्या भागाला असावा लागतो. आपल्याकडे ग्राहकाला पाहता येईल असा क्रमांक कुठल्या हेडरवर मला दिसला नाही. दिसली ती फक्त चकाकी.

लोक हेडरकडे वळतात, त्यामागे पार्ट न मिळणे हे मोठे कारण आहे. माझा मॅनिफोल्ड मी प्रथम वेल्ड करून घेतला. आधी नीट तापवून, निकेलच्या रॉडने, नंतर राखेत हळूहळू निववून. जन्मभराचा अनुभव पणाला लावूनही तो चार महिन्यांत वेल्डशेजारी पुन्हा चिरला. कंपनीचा भाग यायला सात आठवडे लागले आणि किंमत हेडरच्या दुपटीहून अधिक पडली. ज्या जिल्ह्यात शेकडो फौंड्र्या वाहनांचे सुटे भाग ओततात, तिथल्या माणसाने बीडाच्या एका तुकड्यासाठी इतके थांबावे, याचे मला हसूही आले आणि वाईटही वाटले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला. प्रत्येक उत्पादकाने मॅनिफोल्डसारख्या भागाचा क्रमांक, किंमत आणि तो किती दिवसांत मिळेल हे तिथे जाहीर करावे. परिवहन विभागाने गॅरेजच्या बिलावर कन्व्हर्टर ठेवला की काढला याची लेखी नोंद सक्तीची करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ओतकाम पर्यवेक्षक, कोल्हापूर