अंतर एक, वेळा दोन

महोदय,

दोन विमानतळांमधील अंतर आणि विमानप्रवासाचा कालावधी हे दोन्ही आकडे आता संगणकावर क्षणात मिळतात आणि नव्या विमानसेवेच्या बातम्यांत बहुधा तसेच छापले जातात. त्यांपैकी अंतराबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर ही सरासरी त्रिज्या घेऊन गोलपृष्ठावरील सर्वांत जवळची वाट काढता येते, आणि पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे त्यात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते.

वेळेचे मात्र तसे नाही. हेच अंतर ताशी ८०० ते ९०० किलोमीटर या ठरीव वेगाने भागायचे आणि उड्डाण व उतरणे यांसाठी अर्धा तास वर धरायचा, अशी ही आकडेमोड असते. परंतु विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या सापेक्ष मोजला जातो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर, विमाने ज्या उंचीवरून जातात साधारण त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरचा वेगही ओलांडतात. न्यूयॉर्कचा केनेडी आणि लंडनचा हीथ्रो या विमानतळांमधील अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. पूर्वेकडे येताना ते सुमारे सात तासांत कापले जाते, परतताना बहुधा तासभर जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान हेच अंतर पाच तासांच्या आत पार करून लंडनला पोहोचले होते. अशा मार्गासाठी दोन्ही दिशांना एकच वेळ छापणे मला तरी सदोष वाटते.

शिवाय सर्वांत जवळची वाट मोकळी असतेच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे होती तिथेच आहेत, त्यामुळे गणिती अंतर अर्थातच बदललेले नाही.

वेळापत्रकातील कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही त्यातच येतो. सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा आपापल्या ठिकाणच्या स्थानिक असतात, हे ध्यानात न घेता केलेली वजाबाकी छापलेलीही मी पाहिली आहे.

म्हणून विनंती अशी की, अंतर देताना ते सर्वांत जवळच्या वाटेचे आहे असे नमूद करावे, आणि कालावधी विमान कंपनीच्या वेळापत्रकातून, जाण्याचा व येण्याचा वेगवेगळा द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक