लॉग बंद करू न देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी रात्री मी आभार मानायला लागलो तर "बरं, आता जेवून घे" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. मनातलं राहून गेलं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. माझ्यासारखे एकट्याने अख्ख्या पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळणारे गावोगावी आहेत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

आपली ओळख म्हणजे दोन दिवसांचं एक प्रशिक्षण. तुम्ही शिकवायला होतात आणि शेवटी फळ्यावर स्वतःचा नंबर लिहून "अडलात तर लावा" म्हणाला होतात. मी लावला तो दुसऱ्याच कामासाठी, नवा स्विच कुठला घ्यावा ते विचारायला. बोलता बोलता सांगितलं की फायरवॉलच्या लॉगमध्ये दर दोन मिनिटांनी एक ओळ पडायची. पाठवणारा आमचा मुख्य सर्व्हर, कुठे पाठवलं तो पत्ता २२४.२.२.३, पाठवायची पद्धत यूडीपी, पोर्ट ५४३२७, निकाल डिनाय, म्हणजे अडवलं. व्हायरस असेल म्हणून सर्व्हर दोनदा स्कॅन केला, काही निघालं नाही. मग २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हा मल्टिकास्टचा (एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या पत्त्यांचा) सगळा पट्टा अडवणारा नियम वर टाकला, त्याचं लॉगिंग बंद केलं, आणि लॉग स्वच्छ झाला.

तुम्ही एवढंच विचारलंत, "पॅकेट थांबलं, की नुसती नोंद थांबली?"

ताई, त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. तुम्ही समजावलंत तसं इथे मांडतो. मल्टिकास्टचं पॅकेट एका कुणाच्या नावाने नसतं, ते एका गटाला उद्देशून असतं. आमच्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (गटातले कुठल्या पोर्टावर आहेत ते बघून तिथेच पॅकेट देण्याची सोय) बंद होतं, त्यामुळे असं पॅकेट तो ब्रॉडकास्टसारखं त्या व्हीलॅनच्या (स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कच्या) सगळ्या पोर्टांवर सोडत होता. फायरवॉल हा ऐकणाऱ्यांपैकी एक. त्याने डिनाय म्हटलं म्हणजे त्याने ते पुढे जाऊ दिलं नाही, इतकंच. शेजारच्या सर्व्हरांपर्यंत ते पोचतच होतं, आणि माझ्या नियमाने त्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

शनिवारी शाखा बंद झाल्यावर तुम्ही सव्वादोन तास फोनवर होतात. घरी पाहुणे होते, मागून भांड्यांचे आवाज येत होते, तरी एकदाही घाई केली नाहीत. आधी टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) लावायला सांगितलंत, मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांच्या पातळीवरचे पत्ते) दिसतील असा. पॅकेट आलं आणि मी वाचून दाखवलं: ०१:००:५ई:०२:०२:०३. तुम्ही म्हणालात, "पहिले तीन आकडे मल्टिकास्टचे. पुढचे तीन बघ, २२४.२.२.३ मधले २, २, ३ दिसतात ना?" दिसले. मग टीटीएल विचारलात, म्हणजे पॅकेटला किती टप्पे जाता येईल तो आकडा. ३२ होता. "म्हणजे याला राउटर ओलांडून जायचीही मुभा दिलीय. २२४.०.०. ने सुरू होणारे पत्ते असते तर राउटरने पुढे पाठवलेच नसते."

मग सर्व्हरवर प्रॉक, नेट, आयजीएमपी ही फाइल उघडायला लावलीत, सर्व्हर कुठल्या मल्टिकास्ट गटांत आहे ते दाखवणारी. त्यात ०३०२०२ई० असा एक आकडा होता. मी गोंधळलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोन-दोन अक्षरं धर आणि उलटीकडून वाच. हे हेक्स आहे, सोळाच्या पटीतली मोजणी; ई० म्हणजे २२४." ई०, ०२, ०२, ०३. तोच पत्ता! म्हणजे आमचा सर्व्हर त्या गटाला नुसता पाठवत नव्हता, गटाचा सभासद होऊन ऐकतही होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी आरएफसी १११२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज वाचला, स्टीव्ह डिअरिंग यांचा, १९८९ चा. गटात नसलेल्यालाही गटाला पाठवता येतं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय.

पोर्ट कुणी धरलाय ते पाहिलं तर जावा. म्हणजे आमचं बँकिंगचं सॉफ्टवेअरच. त्यातल्या क्लस्टरिंगच्या (अनेक सर्व्हर जोडून एकत्र चालवायच्या) लायब्ररीत मल्टिकास्ट मुळातूनच चालू होतं, आणि ती दर दोन मिनिटांनी "माझ्या क्लस्टरचं कुणी आहे का" म्हणून हाक देत होती. मी म्हटलं, सापडलं एकदाचं. तुम्ही म्हणालात, "थांब. हाकेला कुणी ओ दिलीय का ते बघ."

सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ओळ होती: सदस्य २. आमचा सर्व्हर एकच. दुसरा पत्ता होता टेस्ट सर्व्हरचा. तो आम्ही मूळ सर्व्हरची प्रत काढूनच उभा केला होता, त्यामुळे क्लस्टरचं नावही तेच राहिलं होतं. दोघांनी एकमेकांना शोधून एकच क्लस्टर केला होता.

तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग विचारलंत, "ठेवीच्या दराचं काय झालं होतं म्हणालास?"

ते मी प्रशिक्षणाच्या वेळी सहज बोललो होतो. एका शाखेत काउंटरवर मुदत ठेवीचा दर ८ च्या जागी ११ टक्के दिसला. आमच्या क्लार्क ताईंनी पावती छापायच्या आत हात थांबवला, नाहीतर एका पेन्शनर आजोबांच्या हातात चुकीचा कागद गेला असता. सॉफ्टवेअर कंपनीने ऑपरेटरची चूक म्हणून तक्रार बंद केली. ११ टक्के हा टेस्ट सर्व्हरवर चाचणीसाठी टाकलेला दर होता. दरांचा कॅशे (पटकन वाचायला हाताशी ठेवलेली प्रत) क्लस्टरमध्ये सामायिक होता, म्हणून तोच काउंटरवर दिसला. त्या क्लार्क ताई आठ दिवस आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसल्या होत्या.

सोमवारी सकाळी शाखा उघडायच्या आधी मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्या रडल्या. तुमच्या आभाराचा अर्धा वाटा त्यांचा आहे, आणि तो पोचवायला त्यांनी मला बजावून सांगितलंय.

दुरुस्ती रविवारी झाली. कॉन्फिगरेशनमध्ये मल्टिकास्ट बंद केलं, सदस्यांची यादी हाताने लिहिली, टेस्टच्या क्लस्टरचं नाव बदललं आणि तो सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये हलवला. सर्व्हरवर विनाकारण चालू असलेलं अवाही (नेटवर्कवरची यंत्रं आपोआप शोधणारी सर्व्हिस) हेही काढलं, २२४.०.०.२५१ वर ५३५३ पोर्टने बोलणारं. नुसती सर्व्हिस थांबवली तर सॉकेट (तिच्यासाठी येणारी हाक ऐकत बसणारा भाग) तिला पुन्हा उठवतो, तेव्हा दोन्ही बंद कर, हे तुम्ही सांगितलं नसतं तर तिथेही फसलो असतो. स्विचवर स्नूपिंग चालू केलं, आणि तुम्ही बजावलंत तसं क्वेरियरसकट, म्हणजे गटात कोण आहे ते ठरावीक वेळाने विचारणाऱ्यासकट.

आज त्या फाइलमध्ये ०१००००ई० एवढंच उरलंय. उलटं वाचलं, २२४.०.०.१, म्हणजे सगळ्या यंत्रांचा गट, ते असणारच. फायरवॉलवरच्या माझ्या त्या नियमाचं लॉगिंग पुन्हा चालू केलंय. कालपासून त्यात २२४.०.०.२५२, पोर्ट ५३५५ दिसतंय. तुम्ही विचारायच्या आधीच कोण पाठवतंय ते शोधलं: कुणीतरी सर्व्हरच्या स्विचला लावलेला विंडोजचा लॅपटॉप, एलएलएमएनआर (शेजारच्या यंत्रांची नावं शोधायची हाक). लॅपटॉप कुणाचा ते उद्या शाखेत जाऊन बघतो आणि संध्याकाळी फोन करतो.

तुमचा,
पतसंस्थेतला आयटीवाला