आरशापेक्षा गुण्या बरा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत न्यूनगंडावरचा लेख वाचला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी उत्तम आहे, मी यशस्वी होणारच' असं म्हणत जा, असा त्यात सल्ला आहे. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझी उभी हयात आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना लोखंड घासायची कानस कशी धरायची हे शिकवण्यात गेली. 'माह्याच्यानं नाही होत सर' हे वाक्य इतकं ऐकलं, की ते न म्हणणारा पोरगा दिसला तर मीच चमकायचो. या पोरांना आरशापुढे उभं करून काही उपयोग नाही.

हे नुसतं माझं मत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड यांनी सहकाऱ्यांसोबत हे तपासून पाहिलं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना आणखी थोडं बरं वाटलं. ज्यांचं मन खचलेलं होतं, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. साहजिकच आहे. आतून कुणीतरी 'खोटं बोलतोस' म्हणत असताना तोंडाने घोकून काय होणार?

आता वर्कशॉपमधलं सांगतो. पहिल्या वर्षाला एमएस फ्लॅटचा, म्हणजे पोलादी पट्टीचा, तुकडा व्हाइसच्या पकडीत धरून कानशीने चौकोनी घासायचा असतो. सोपं वाटतं, पण हात डुलतो, कडा गोल होतात, आणि नवशिक्याला रडू येतं. उमरेडकडचा एक पोरगा होता, शांत, कामसू. त्याने आपला जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, न मोजताच स्क्रॅपच्या डब्यात टाकला. विचारलं, काहून रे? म्हणे, 'सगळाच बिघडला सर. मले काहीच येत नाही.' मी डब्यातून तो काढला, झटकला, खिडकीशी नेला आणि काटकोन तपासायचा गुण्या लावला; फट असली की उजेड दिसतो. पहिला कोपरा: उजेड नाही. दुसरा: नाही. तिसऱ्यात आणि चौथ्यात केसाएवढी उजेडाची रेघ. मापाचा व्हर्नियर लावला तर माप अजून थोडं जास्तच होतं, म्हणजे घासायला जागा शिल्लक होती. 'सगळं' बिघडलेलं म्हणजे एवढंच. त्यातही जिथून उजेड येतो तिथे घासायचं नसतं, गुण्या जिथे टेकतो तिथे घासायचं असतं. घाबरलेला पोरगा नेमकं उलट करतो, किंवा भरमसाट घासत सुटतो आणि माप खाली जातं. लोखंड एकदा घासलं की परत येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्वतःला घालूनपाडून बोलणाऱ्याला आपण कडक समजतो, 'फार शिस्तीचा आहे, स्वतःला माफ करत नाही' म्हणून कौतुकही करतो. तपासनीस म्हणून तो अगदीच कुचकामी असतो. तो मोजत नाही, थेट निकाल देतो, आणि निकाल जॉबचा नाही, माणसाचा. आमच्या प्रॅक्टिकलच्या गुणपत्रकात माप, काटकोन, फिनिश, सुरक्षितता असे रकाने असायचे. 'पोरगा कसा आहे' असा रकाना कधी नव्हता. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस १९५० च्या दशकापासून हेच सांगत आले: कृतीचं मोजमाप करा, माणसाचं करू नका. मराठीत त्यांच्या पद्धतीला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मी ते निवृत्तीनंतर वाचलं आणि हसू आलं, कारण आमच्या गुणपत्रकाने ते केव्हाच मान्य केलं होतं.

पोरं हे कुठून शिकतात ते सांगायला नको. 'तुले काही येत नाही बे' हे आधी बाप म्हणतो, मग मास्तर म्हणतो, मग पोरगा स्वतःच स्वतःला 'बे' लावून म्हणायला लागतो. टोचून बोललं की पोरगं पेटून उठतं, असा आपल्याकडे ठाम समज आहे. एखादं उठतंही. बाकीचे जॉब डब्यात टाकतात, ते कुणाच्या नजरेस येत नाहीत.

आणि हे फक्त कच्च्या पोरांचंच असतं असंही नाही. फिटरला मुली मोजक्याच येत. त्यातली एक बॅचमध्ये पहिली आली, तर म्हणे 'पेपर सोपा होता सर.' पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंनी १९७८ साली दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवावरून नेमकं हेच लिहिलं होतं: पदव्या, मानसन्मान सगळं पदरात, तरी मनात धास्ती, की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस पकडले जाऊ. अशा मुलीला 'तू हुशार आहेस' म्हणून भागत नाही. मी तिच्या हातात तिचाच जॉब आणि व्हर्नियर दिला, म्हटलं तूच मोज. स्वतः घेतलेलं माप नाकारायला जरा अवघड जातं.

अर्थात झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्यातच राम नाही असं वाटू लागलं, तर तिथे माझी कानस चालत नाही. तिथे डॉक्टर हवा. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालय तर १८६४ पासून आपल्या गावात आहे, पण आपण नागपूरकरांनी तिथल्या चौकाला 'पागलखाना चौक' करून ठेवलंय. ऑटोवाल्याला हे नाव सांगून कोणतं पोरगं ओपीडीला जाईल? ज्याला लाज वाटते त्याने घरातूनच १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरवावा. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं.

आपल्याला एक विनंती. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण गुणवंतांचे पेढे भरवतानाचे फोटो पान भरून छापता. जरूर छापा. त्याच पानावर खाली एक चौकट ठेवा: पुरवणी परीक्षेचे अर्ज कधीपासून, आयटीआयचे प्रवेश कधीपासून, आणि १४४१६. आतल्या पानावर टाकू नका. त्या दिवशी नापास झालेलं पोरगं आतलं पान उघडत नाही.

कळावे,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)
मानेवाडा, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)