झाकण तरंगतं, बाटली बुडते

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, कारण विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. सातवीच्या मुलांना समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल शिकवायचंय आणि सुरुवातीलाच नाकात शीतपेयाची प्लास्टिकची नळी (स्ट्रॉ) अडकलेल्या कासवाचा तो व्हिडिओ दाखवू का, असं तू विचारलंयस. माझं ऐकशील तर पहिल्या तासाला नको. मुलं हळहळतात, एखादं रडतंही, आणि मग सगळा दोष त्या नळीचाच, असं त्यांच्या मनात घट्ट बसतं. एकदा गलबलून आलं की मूल प्रश्न विचारायचं थांबतं, हे मी वर्गात वारंवार पाहिलंय. आणि इथे तर आपल्याला त्यांचे प्रश्नच हवेत.

त्यापेक्षा पाण्याने भरलेली काचेची बरणी घेऊन जा. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि त्याच बाटलीचा कापलेला तुकडा बरोबर ने. टाकण्याआधी मुलांना अंदाज करू दे. झाकण तरंगतं, तुकडा तळाशी जातो. पाण्याची घनता १ धरली तर पीईटीची, म्हणजे बाटलीची, साधारण १.३८ भरते. झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं असतं, ते पाण्यापेक्षा हलकं. आता तिसरा तुकडा टाक, पॉलिस्टायरिनचा. ज्या कडक प्लास्टिकच्या वस्तूवर त्रिकोणात ६ आकडा असतो, ती घे. थर्माकोल मात्र नको, त्यात हवा भरलेली असते. हा तुकडा साध्या पाण्यात बुडतो. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घातलं की समुद्राइतका खारटपणा येतो, तरीही तो खालीच राहतो. मीठ वाढवत राहा, ढवळत राहा. एका टप्प्यावर तो तळ सोडतो, मध्येच जरा रेंगाळतो आणि वर येतो. तोवर मागच्या बाकांवरची मुलंही बरणीभोवती जमलेली असतात. बाटलीचा तुकडा मात्र कितीही मीठ घातलं तरी जागचा हलत नाही. (तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटले तर प्रयोग फसतो. टाकण्यापूर्वी ते ओल्या बोटांनी नीट चोळून घे.)

या एका बरणीतून अर्धा विषय उलगडतो. समुद्रात गेलेलं सगळं प्लास्टिक वर दिसतच नाही, हे मुलांना आता सांगावं लागत नाही. मग फळ्यावर दोनच आकडे लिही. २०१० या एका वर्षात किनारी देशांमधून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. आणि जगभरच्या समुद्रांवर तरंगणारं सगळं प्लास्टिक, २०१४ साली मांडलेल्या एका अंदाजानुसार, जेमतेम २ लाख ६९ हजार टन. आता मुलांना विचार, बाकीचं गेलं कुठे? आणि गप्प बस. हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही अजून पुरता सुटलेला नाही, हे मुलांना कळलं की त्यांचे चेहरे बघ.

उत्तरं तेच शोधतील. काही बुडालं. काही किनाऱ्यावर परत आलं. तरंगणाऱ्या तुकड्यांवर शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव वाढतात, वजन वाढतं आणि तेही खाली जातात. पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल भागात, १०,८९८ मीटर खोलीवर प्लास्टिकच्या पिशवीचं चित्र १९९८ मध्येच टिपलं गेलंय. आणि काही उन्हाने, लाटांनी ठिसूळ होऊन इतकं बारीक झालं की डोळ्यांना दिसेना. २००४ मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हटलं आणि तो शब्द रूढ झाला. वाळूतून हे कण वेगळे करायला संशोधक काय करतात, ठाऊक आहे? वाळू मिठाच्या दाट पाण्यात ढवळतात आणि वर आलेलं गोळा करतात. म्हणजे तुझ्या बरणीतलाच प्रयोग! मुठभर वाळू मिळाली तर तोही करून घे. भिंग मात्र हवं.

‘पॅसिफिकमध्ये कचऱ्याचं बेट आहे, त्यावर चालता येतं’ असं कुणीतरी म्हणेलच. तिथे जरा थांब. चार्ल्स मूर यांनी १९९७ मध्ये तिथून नाव नेली आणि तो भाग जगासमोर आला, पण तिथे बेट नाही. साधारण १६ लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेले तुकडे आहेत, बरेचसे नखाहूनही लहान. वजनाने पाहिलं तर जवळपास निम्मा वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आहे. नळ्यांबद्दलच ऐकत आलेल्या मुलांना हे धक्कादायक वाटतं, आणि वाटायलाच हवं. चुकीचं चित्र डोक्यात राहिलं तर उपायही चुकीचाच सुचतो. ‘एक मोठं जहाज नेऊन उचलून आणू’ म्हणणारी मुलं मला नेहमी भेटतात.

समुद्राचे प्रवाह शिकवायचे असतील तर त्या खेळण्यांची गोष्ट सांग. जानेवारी १९९२ मध्ये एका जहाजावरचा कंटेनर पॅसिफिकमध्ये पडला आणि अंघोळीच्या टबातली २८,८०० प्लास्टिकची खेळणी पाण्यात गेली. पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काही अलास्काच्या किनाऱ्याला लागली. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञाने त्यांच्यावरून प्रवाहांचा माग काढला. नकाशा भिंतीवर लाव, मुलं स्वतःच बाण काढतील.

‘प्राणी प्लास्टिक खातात, म्हणजे मूर्ख आहेत का?’ हा प्रश्न हटकून येतो. आल्बट्रॉस आणि त्यांचे भाईबंद पक्षी वासावर भक्ष्य शोधतात. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती खाल्ल्या जात असताना एक विशिष्ट गंधकयुक्त वास सुटतो. म्हणजे जवळच अन्न आहे. पाण्यात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढलं की त्यालाही तोच वास येतो, असं २०१६ मध्ये आढळलं. पक्षी चुकत नाही, त्याचं नाक पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलं तेच करतं. कासवाचा व्हिडिओ दाखवायचाच असेल तर यानंतर दाखव.

एका गोष्टीचा मात्र मी आग्रह धरीन. ‘आम्ही काय करायचं?’ असं मुलांनी विचारलं की सगळा भार त्यांच्या खांद्यावर टाकू नकोस. २०१५ पर्यंत जगात जे प्लास्टिक टाकून दिलं गेलं, त्यातलं जेमतेम ९ टक्के पुनर्वापरात आलं. बारा वर्षांच्या पोराने डबा धुऊन वेगळा ठेवला म्हणून हे बदलणार नाही, आणि बदलेल असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. किती बनवायचं, कशापासून बनवायचं, हे मोठी माणसं ठरवतात. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत देशांनी प्लास्टिक प्रदूषणाबद्दल जागतिक करार करायचं ठरवलं, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातली बोलणी कराराविना संपली. हे जसंच्या तसं सांग. सातवीच्या मुलांना सगळं कळतं.

सफाई मोहीम काढलीस तर पोती मोजू नका, वस्तूंची नोंद करा: काय सापडलं, कशासाठी वापरलेलं, त्याऐवजी काय चाललं असतं. पुढच्या दोन तासांचा मसाला त्यातच आहे.

बाटलीचे तुकडे तूच घरून कापून ने, कडा फार धारदार होतात. आणि ‘बाकीचं गेलं कुठे?’ यावर मुलं काय काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. विक्षिप्त वाटलेली उत्तरंही गाळू नकोस.

तुझा मित्र