लाल कांदा थांबत नाही

इंदिरानगर, नाशिक

प्रिय मंगल,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही की फोन नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता ती काठी धरून चालते. माझं बीपी गोळीवर आहे. ह्यांचं ठीक. झालं तब्येतीचं. आता सांगायचंय ते तुलाच सांगण्यासारखं आहे, कारण ते कांद्याबद्दल आहे, तुझ्या नानांबद्दल आहे, आणि वाचून तू रागावणार आहेस. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

रात्री जेवणं आटपली की मी फोन घेऊन अनोळखी लोकांशी वाद घालत बसते हे तुला माहीत आहे. “ज्यांचं तोंड पाहिलं नाही त्यांच्याशी कसली भांडतेस?” असं तू मागे म्हणालीस. अगं, पण तोंडओळखीच्या माणसांशी आता बोलायची सोय राहिली आहे का? सोसायटीच्या ग्रुपवर कुंभमेळ्यासाठी खणलेल्या रस्त्यांबद्दल एक ओळ लिहिली, तर लगेच विचारणा झाली, “मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या पक्षाच्या?” भावाशी मतदान यंत्रांवर बोलले तर त्याने राखीच्या ताटावरच तोंड फिरवलं. अनोळखी माणसाला माझी जात माहीत नसते, माझा भाऊ कुणाच्या प्रचारात फिरला ते माहीत नसतं. त्याच्यासमोर असतं ते फक्त माझं म्हणणं. म्हणून मला तिथे मोकळं वाटायचं. “काकू, पोळ्या लाटा” हे रोजचंच, त्याचं मी मनाला लावून घेत नाही. पण व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेमागे 7 सेकंद दिसते, दर विधानसभा क्षेत्रात 5 यंत्रांच्याच चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात, आणि सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली, हे सगळं मी असल्या भांडणांतूनच शिकले. समोरचा काहीतरी ठोकून देतो, मग खरं काय ते शोधल्याशिवाय झोप लागत नाही.

तिथेच तो भेटला. टोपणनावाने लिहायचा. निफाड तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा, एवढीच ओळख. विषय कांद्याची निर्यातबंदी. माझं म्हणणं तुला पाठ आहे: बंदी बरोबरच. 1998 मध्ये दिल्लीतलं सरकार कांद्याच्या भावाने पाडलं असं सगळे म्हणत होते, तेव्हा गोदाघाटावर आपलं जे भांडण झालं, त्यानंतर तू पूल ओलांडून पंचवटीकडे गेलीस आणि मी रविवार कारंजाकडे, आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही की तुझी पर्स माझ्याकडे आणि माझी छत्री तुझ्याकडे आहे. तेव्हापासून मी एकच धरून बसले होते: अर्धा अर्धा किलो कांदा घेणाऱ्या बाईने काय करायचं? आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी काय करायचं?

त्याने कधी आवाज चढवला नाही. एकेक तारीख मांडली. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, लासलगावसकट जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला किमान 550 डॉलरची अट आणि वर 40 टक्के शुल्क. सप्टेंबरात अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 ला कुठे ते शून्य झालं. मी एकेक तारीख तपासली, सगळ्या बरोबर निघाल्या. मग तो म्हणाला, शहरातल्या गरिबाला स्वस्त कांदा मिळायलाच हवा, पण तो द्यायचा खर्च सरकारने उचलावा, तो एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून का? मंगल, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तरीही मी अडूनच होते. मग त्याने वडिलांचं सांगितलं. डिसेंबरात बंदी आली तेव्हा बाबांनी सगळा लाल कांदा चाळीत, कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरला, म्हणाले बंदी उठली की विकू. मे महिन्यात चाळ उघडली तर अर्धा माल सडलेला. बाबा त्या दारातच बसून राहिले, त्या दिवशी जेवले नाहीत. वाचून मला रडू आलं. मी तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं, “तुमचं म्हणणं मला पटलं.” हे वाक्य तुला मी इतक्या वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही.

पुढच्या रविवारी भाजीवाली कांदे तोलताना म्हणाली, “लालच हाय ताई, लवकर संपवा.” पिशवी हातात तशीच राहिली आणि मला तुमचं घर आठवलं. परीक्षा संपवून आपण तुझ्या गावी गेलो होतो, नाना चाळ भरत होते, आणि मी शहाणपणा करत विचारलं होतं की डिसेंबरचा कांदाही असाच ठेवून भाव आल्यावर का नाही विकत? नाना हसले नाहीत. म्हणाले, “पोरी, चाळीत उन्हाळ, उन्हाळ्यात निघतो तो. लाल कांदा थांबत नाही. काढला की बाजारात न्यायचा, मग भाव असो नसो.”

तुला पहिल्या ओळीतच कळलं असतं. मला कळायला भाजीवाली लागली. लाल कांदा चाळीत भरून मे महिन्यापर्यंत कोण ठेवतो गं? निफाडचा कुठला बाप? आणि डिसेंबरातल्या बंदीचा खरा मार तर तिथेच होता: जो माल थांबूच शकत नाही, तो दारात आलेला असताना बाजाराचा एक दरवाजा बंद केला. खऱ्या कांदेवाल्याच्या मुलाने हेच आधी सांगितलं असतं. सगळ्यात मोठा मुद्दा त्याला माहीतच नव्हता.

मी त्याला विचारलं, लाल कांदा चाळीत किती दिवस टिकतो? लगेच उत्तर आलं, माझे आभार मानून, की लाल कांदा साठवणुकीस योग्य नसतो, वडिलांनी उन्हाळ कांदा साठवला होता. मग मी विचारलं, डिसेंबरात उन्हाळ कांदा आला कुठून? त्याला उत्तर नाही. पण त्याच टोपणनावाने दुसरीकडे शहरातल्या कारखानदारीवर वाद चालला होता. तिथे त्याचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात कामगार होते.

चिन्याला दाखवलं. तो म्हणाला, “आई, हा माणूस नसणार. यंत्र लिहितंय.” मग त्याने मला झुरिच विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तिथल्या संशोधकांनी रेडिट नावाच्या चर्चेच्या साइटवर, लोक एकमेकांचं मत बदलायला जमतात अशा ठिकाणी, यंत्राकडून लिहून घेतलेल्या प्रतिक्रिया माणसांच्या म्हणून टाकल्या. कुठे अत्याचार सोसलेली व्यक्ती, कुठे समुपदेशक. एप्रिल 2025 मध्ये ते उघड झालं, तोवर वाद घालणाऱ्यांना पत्ताच नव्हता. माझा तो यंत्र असेल, किंवा महिन्याच्या पगारावर दहा बाप सांभाळणारा एखादा पोरगा असेल. मला त्याने फारसा फरक पडत नाही. बाप खोटा होता, आणि मी त्या बापासाठी रडले.

चार लोकांना हे सांगितलं तर म्हणतात, त्यात काय, तारखा तर खऱ्या होत्या ना? होत्या. म्हणून मत मी परत फिरवलेलं नाही. निर्यातबंदी चुकीची होती असंच मी आता म्हणते, आणि ते तारखांवर आणि त्या खर्चाच्या प्रश्नावर उभं आहे. पण मला हलवलं ते तारखांनी नाही. आणि तिथे गप्प राहून वाचणारे शेकडो लोक असतात, ते तारखा तपासत नाहीत, ते बापाची गोष्ट पुढे घेऊन जातात.

मला राईनपाडा आठवतं. 1 जुलै 2018. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची 5 माणसं, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. अफवा फोनवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी 5 ठिकाणांपेक्षा जास्त पुढे पाठवता येणार नाही असं जाहीर केलं. संदेश एकच होता, पुढे ढकलला जात होता, म्हणून ढकलण्याला तरी आळा घालता आला. हा माझ्यासाठी निफाडचा बाप लिहितो, दुसऱ्यासाठी ओझरचा, तिसऱ्यासाठी आणखी कुठला. प्रत्येकाला नवा. याला आळा कुठे घालायचा? मला खरंच भीती वाटते गं. उद्या खरा कांदेवाला येऊन खरं सांगेल आणि मी म्हणेन, कशावरून?

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र. तू मला वर्षानुवर्षं हेच सांगत होतीस. 2018 मध्ये निफाडच्याच शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे आलेले 1,064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, तेव्हा तू मला त्याची बातमी पाठवलीस आणि मी उत्तर दिलं, “एखादाच असा.” नानांनी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती, हातात घेऊन हमाली, तोलाई, ट्रॅक्टरचं भाडं वजा करून दाखवलेलं मी स्वतः पाहिलं होतं. तरी मला तुझं पटलं नाही आणि त्याचं पटलं. का, याचा मी रात्र रात्र विचार करते. तू चिडायचीस म्हणून. वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपल्याची घंटा झाली तर तू परीक्षकांनाच खाली बसायला सांगितलं होतंस, तशी तू कांद्यावरही बोलायचीस, आणि तू चिडलीस की मी ऐकणं बंद करायचे. पण तुला चिडायचा हक्क होता, कांदा तुमचा होता. त्याला चिडायचं कारणच नव्हतं, त्याचं काही बुडतच नव्हतं. म्हणून तो शांत राहू शकला. आणि आम्ही शहरातली माणसं त्या शांतपणालाच खरेपणा समजतो, याचा मला फार त्रास होतोय. ज्याचं घर बुडतंय त्याने आधी आवाज खाली आणावा, मग आम्ही ऐकू, ही कसली अट?

तरी एक सांगते, तूही त्या दिवशी पूल ओलांडून जायला नको होतंस.

वाद घालणं मी सोडणार नाही. चिन्या म्हणतो सोड, हेही म्हणतात. पण आम्ही उठून गेलो तर तिथे फक्त तेच उरतील. आता मी समोरच्याने स्वतःची गोष्ट सांगितली की दोन प्रश्न विचारते, गावचे, कामाचे, सरळ. काही जणांना राग येतो. एका येवल्याच्या बाईंनी मात्र पैठणीच्या मागावर बसायचं कसं, किती तास, पाठ कुठे दुखते, असं भरभरून लिहिलं की मी मतदान यंत्रं विसरून ते वाचत बसले.

तुझं कसं चाललंय? पिंकीची ॲडमिशन झाली का? सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? नागपूरच्या उन्हात फिरू नकोस. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला ये, यशवंतराव महाराज पटांगणावर बसू, खुर्च्या मी धरून ठेवते.

एक परवानगी हवी आहे. ज्या चर्चेत मी “पटलं” असं लिहिलं, तिथेच मला लिहायचंय की ती चाळीची गोष्ट खोटी आहे, आणि खरी अशी आहे. नानांनी सांगितलं ते, पट्टीसकट. नाव नाही घालणार, गाव नाही घालणार. जुन्या पट्ट्या दादाने जपून ठेवल्या असतील तर एखादीचा फोटो पाठवायला सांग, नाव झाकून. पण नाना गेले त्याला अजून वर्ष व्हायचंय, आणि तिथे कोणीतरी काहीतरी घाण लिहिणारच, हेही मला माहीत आहे. तू आणि दादा नको म्हणालात तर मी एक अक्षर लिहिणार नाही.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी,
सुमन