सूचना : हंसाबेन मेहता यांच्यावरील अभ्यासबैठकीबाबत

सर्व सभासदांना स्मरण करून देण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता होणाऱ्या मासिक अभ्यासबैठकीत हंसाबेन मेहता यांच्या कार्यावर चर्चा होईल. राजकारण, विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठ या तिन्ही ठिकाणचे त्यांचे काम एकत्रितपणे क्वचितच अभ्यासले जाते, म्हणून हा विषय मुद्दाम निवडला आहे.

सुरत येथे १८९७ मध्ये जन्मलेल्या हंसाबेन पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज त्यांनीच सभेला अर्पण केला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू होत्या. चर्चेचा अधिक वेळ मात्र संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगातील त्यांच्या कामगिरीला द्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते. कारण १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातून स्त्रिया वगळल्या गेल्याचा अर्थ निघू नये, यासाठी त्यांनी धरलेला ‘सर्व मानव’ या शब्दयोजनेचा आग्रह अखेर मान्य झाला.

संविधान सभेतील त्यांचे डिसेंबर १९४६ चे भाषण सभासदांनी अवश्य वाचून यावे. स्त्रियांसाठी राखीव जागा वा स्वतंत्र मतदारसंघ न मागता त्यांनी सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागितला होता. ही भूमिका आज सर्वांनाच पटेल असे नाही, आणि त्यावर मोकळेपणाने मतभेद मांडले जावेत, हीच अपेक्षा आहे. बोलू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे शुक्रवारपर्यंत कार्यवाहांकडे नोंदवावीत.