सूचना : विहिरीतली सबमर्सिबल मोटर जपा

सभासद बंधू-भगिनींनो, विहिरींनी तळ गाठलाय. ज्यांनी बोअरची सबमर्सिबल विहिरीत सोडली आहे, त्यांनी आजच लक्ष घाला. या मोटरला पंखा नसतो. अंगावरून वाहणारं पाणीच तिला थंड ठेवतं. पण पंप असतो मोटरच्या वर आणि तिथल्याच जाळीतून पाणी आत ओढतो, त्यामुळे विहिरीत मोटरभोवतीचं पाणी जवळपास हलतच नाही. गेल्या मे महिन्यात माझी मोटर वर काढली, तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) काळंठिक्कर, हात लावताच वेष्टण गळत होतं.

उपाय साधा आहे. मोटरवर पीव्हीसी पाइप चढवा : वरचं तोंड पंपाच्या जाळीच्या वर बंद, खालचं उघडं. मग पाणी मोटरला घासूनच वर जातं. मोटरचा व्यास मोजून पाइप आणा, चहूबाजूंनी बोटभर फट हवी. मोटर गाळात टेकवू नका, व्हॉल्व्ह आवळून, पाणी कमी करून तासन्‌तास चालवू नका.